हात मागे, बोर्तोलो!

माझा भाऊ बोर्तोलो आयुष्यात एकदाही मोटरसायकलवर बसला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या खोऱ्याबाहेरच्या माणसाला ते खरं वाटत नाही. आमच्या रोंकेलमध्ये पोरं नीट चालायला लागायच्या आधीच बापाच्या पुढ्यात टाकीवर बसतात. पाद्री डॉन एजिदियोसुद्धा झगा कमरेला खोचून फटफटीवरून आजाऱ्यांच्या घरी जायचे. आणि ज्याला खाली बेर्गामो शहरापर्यंतची माणसं शर्यतीचा माणूस म्हणून ओळखायची, तो मात्र सगळीकडे पायी. "मला पडायला आवडत नाही," म्हणायचा. एवढंच कारण.

नगरपालिकेत रस्ते दुरुस्त करायची नोकरी होती त्याला. रस्ते म्हणजे काय, तर गावापासून वरच्या कुरणांपर्यंत जाणारी खेचरांची दगडी वाट. हिवाळ्यात बर्फ दगड उचकटून टाकायचं आणि वसंतात हा गुडघे टेकून एकेक परत बसवायचा. आम्ही त्याला म्हणायचो, तुला बायकोपेक्षा दगड जास्त माहीत. त्याची बायको नीवेस हसायची. ती लवकर गेली. पोरगा इलारियो तेव्हा शाळेत होता. माझा बार दोन घरं सोडून, म्हणून बापलेक दोघंही जेवायला माझ्याकडे. बोर्तोलो जेवताना बोलत नसे, आणि इलारियो गप्प बसत नसे.

शर्यतीत बोर्तोलो शिरला तो भांडायला म्हणून. पहिल्यांदा आमच्या वाटेवरून मोटरसायकलींची शर्यत न्यायचं ठरलं, तेव्हा हा फावडं खांद्यावर टाकून खाली शहरात आयोजकांच्या कचेरीत गेला. म्हणाला, "तुमच्या बापानं लावलेत का ते दगड?" तिथला माणूस हुशार होता. त्यानं वाद घातला नाही. एक पिवळी पट्टी काढली, बोर्तोलोच्या दंडावर बांधली आणि म्हणाला, "आजपासून ती वाट तुमच्या ताब्यात. दगडही तुम्हीच सांभाळा आणि माणसंही." झालं! भांडायला गेलेला माणूस शर्यतीचा पहारेकरी होऊन घरी आला.

त्या पहिल्या वर्षी आम्ही जी काही शोभा केली ती विचारू नका. आमच्याकडे कुणाचं खेचर अडलं, गाडा फसला, तर हात लावायचा असतो. विचारत बसायचं नसतं. जो लावत नाही त्याला गावात कुणी लग्नाला बोलवत नाही. तर देवळीपाशी जे उभं चढाचं वळण आहे, तिथं स्वार घसरायला लागले आणि अख्खं गाव धावलं. कुणी दोर आणला, कुणी फळ्या. माझा नवरा तेव्हा होता, तो मागून खांदा लावून एकेकाला वर ढकलत होता. मी वाइन वाटत होते. स्वार हातवारे करून ओरडत होते. आम्हाला वाटलं, आभार मानताहेत. एक जर्मन तर ढसाढसा रडला. तेही आम्हाला वाटलं, उपकारानं गहिवरला असेल.

संध्याकाळी कळलं. या शर्यतीत गाडी पडली तर ज्यानं पाडली त्यानंच उचलायची. टायर फुटला, साखळी तुटली, जे व्हायचं ते होऊ दे, स्वारानं एकट्यानं निस्तरायचं. बाहेरच्या माणसाचा हात लागला की स्वार बाद. आम्ही त्या दिवशी प्रेमानं किती जणांना घरी पाठवलं, देव जाणे.

बोर्तोलोला इतकी लाज वाटली की पुढच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर त्यानं सगळ्यांना चर्चच्या अंगणात थांबवून घेतलं. पोस्टमन फेर्मोची फटफटी मधोमध आडवी पाडली आणि ओरडला, "हात मागे!" लोकांचे हात आपोआप पुढे जायचे. पुन्हा पाडायची, पुन्हा "हात मागे!" फेर्मो कळवळून म्हणाला, "अरे बाबा, गाडी माझी आहे रे!" शेवटी एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट पाठीमागे धरून ठेवायची युक्ती निघाली. मी तर एप्रनच्या नाड्या हातांना गुंडाळून घ्यायचे. तेव्हापासून शर्यत आली की आमचं गाव त्या वळणावर तसंच उभं राहायचं. परगावचे लोक हसायचे. हसू देत.

तोंड मात्र चालवायची मुभा होती. "डावीकडे घे, डावीकडे!" "अरे, तुझी आजी याहून बरी चालवेल!" असं सगळं चालायचं. हात नाही.

आता फेर्मोचं सांगायला हवं. त्याचा पुतण्या तुल्लियो चांगला चालवायचा. एका प्रांतिक शर्यतीत तो वळणावर घसरला, गाडी दरीच्या बाजूला कलंडली, आणि फेर्मोनं न राहवून खांदा दिला. क्षणभरच. बोर्तोलोनं पाहिलं आणि संध्याकाळी खाली जाऊन सांगून आला. तुल्लियो बाद. फेर्मो वर्षभर बोर्तोलोशी बोलला नाही, त्याची पत्रं माझ्याकडे टाकून जायचा. मीही भावाला सोडलं नाही. म्हटलं, "तुला काय मेडल देणार होते का रे? शेजाऱ्याचं पोर होतं!" तो म्हणाला, "सगळी कुणाची तरी पोरंच असतात." आणि ताटातला मक्याचा पोलेंटा खायला लागला. वैताग आहे हा माणूस.

पुढे त्याचंच पोर शर्यतीत आलं. इलारियो गाडी चालवायला शिकला फेर्मोकडून, हे विशेष. बापानं कधी अडवलं नाही, कौतुकही केलं नाही. इलारियोनं टायर बदलायचा सराव माझ्या बारच्या मागच्या अंगणात केला. टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्यांनी बोटं सोलून निघायची त्याची, आणि बोर्तोलो पायरीवर बसून नुसता बघायचा, हात काखेत दाबून. कधीतरी म्हणायचा, "पट्टी उलटी धरलीयस." त्याला गाडीतलं ओ का ठो कळत नव्हतं, पण बघून बघून एवढं कळायला लागलं होतं.

आणि मग ते वर्ष आलं. सहा दिवसांची मोठी शर्यत, देशोदेशीचे संघ, आणि ती आमच्या खोऱ्यात. इटलीच्या सहा जणांच्या संघात इलारियो. एक जरी बाद झाला तरी संघाच्या डोक्यावर दंडाच्या गुणांचा असा डोंगर बसतो की संपलंच सगळं. मी बोर्तोलोला म्हटलं, "यंदा ती पिवळी पट्टी बांधू नकोस. दुसऱ्या कुणाला उभं कर."

"का? बाकीच्यांची पोरं आली तेव्हा बांधलीच होती ना?"

"अरे, पण तुझा पोरगा येणार त्या वाटेनं!"

"मग नीट येईल."

यावर काय बोलणार? कपाळ!

पाचव्या दिवशी सकाळपर्यंत इटली पुढे होती, चेक लोक अगदी पाठीला चिकटून. रात्रभर पाऊस झाला होता आणि दगड साबण लावल्यासारखे झाले होते. आम्ही सगळे वळणावर, मनगटं धरून. एकेक जण येत होता, घसरत होता, शिव्या घालत वर जात होता. मग इलारियोचा आवाज आला. त्याच्या गाडीचा आवाज मी झोपेतही ओळखायचे.

तो वळणात बरोबर शिरला. पुढचं चाक एका दगडावरून सटकलं, गाडी उडाली आणि त्याच्यासकट भिंतीला जाऊन धडकली. तो खाली, गाडी वर, आणि उजवी मांडी भिंत आणि तापलेला सायलेन्सर यांच्यामध्ये अडकलेली. वर चढ, खाली उतार, पाय रोवायला जागा नाही. त्यानं ढकलून पाहिलं. गाडी हलेना. तो किंचाळला, आणि किंचाळता किंचाळता ओरडला, "कुणी हात लावू नका! कुणीही!"

कुणी लावला नाही. आम्ही तिथंच होतो, इतके जवळ की चामडं जळल्याचा वास येत होता. मी आत्या आहे त्याची. नाड्या मनगटात रुतल्या होत्या माझ्या.  त्यानं पुन्हा जोर केला, पुन्हा गाडी त्याच्यावरच बसली. मग तो ओरडायचा थांबला आणि नुसता कण्हायला लागला. ते जास्त वाईट होतं.

बोर्तोलो पुढे आला. मला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी सांगेल, हँडल खाली दाब वगैरे. त्यानं वाकून मागचं चाक दोन्ही हातांनी धरलं आणि गाडी उचलली. दगड उचलणारे हात ते. एका दमात उचलली.

इलारियो पाय ओढत उठला. बापाकडे बघून म्हणाला, "पपा, काय केलंस हे!" गाडी चढाकडे वळवली, किक मारली आणि गेला.

 बोर्तोलो आपल्या हातांकडे बघत उभा. मग फेर्मो मोठ्यांदा म्हणाला, "मी नाही बुवा काही पाहिलं. माझ्या डोळ्यात काहीतरी गेलं होतं." लगेच सगळ्यांच्याच डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. पण खालच्या वळणावरून वर येणाऱ्या एका चेक स्वारानं पाहिलं होतं. कुणीतरी गाडी उचलली, एवढंच त्याला दिसलं, आणि पुढच्या चौकीवर त्यानं ते सांगितलं. त्याचं काय चुकलं? आपल्या संघासाठी कुणीही सांगेल.

दुपारी निरोप आला. इलारियोला विचारलं होतं. तो म्हणाला, कुणीतरी प्रेक्षक होता, मी नको म्हणून ओरडलो तरी त्यानं उचलली, चष्म्यावर चिखल होता, चेहरा दिसला नाही. आता पंचांना त्या वळणाच्या पहारेकऱ्याची साक्ष हवी होती. आमच्या त्या पहिल्या वर्षानंतर नियम जरा सैल झाला होता: अनोळखी माणसानं न विचारता हात लावला असेल तर थोडासा दंड, इटली तरीही पुढे. ओळखीच्यानं किंवा शर्यतीच्याच माणसानं लावला असेल तर स्वार बाद. संध्याकाळी बोर्तोलोनं खाली यायचं.

माझ्या बारमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बोर्तोलो कोपऱ्यात बसला होता, समोर भरलेला ग्लास तसाच. फेर्मोनं सूत्रं हातात घेतली.

"मिलानचा माणूस होता," तो म्हणाला. "मिलानच्याच लोकांना असल्या नसत्या उठाठेवी सुचतात."

"लाल टोपीवाला," सुतार म्हणाला.

"आणि गळ्यात कॅमेरा."

"बायकोही होती बरोबर. उंच टाचांचे बूट घालून आलेली, बावळट."

"कुत्रं होतं का?"

"होतं ना! छोटंसं. स्वेटर घातलेलं."

मीसुद्धा त्यात होते, खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, त्यानं माझ्याकडे कॉफी घेतली आणि दूध गार आहे म्हणून कुरकुर केली. अर्ध्या तासात तो मिलानवाला आम्हा सगळ्यांना इतका ओळखीचा झाला की मला त्याचा खरोखरच राग यायला लागला. फेर्मो बोर्तोलोच्या समोर जाऊन बसला. "तुला जास्त बोलायचंच नाहीये. लाल टोपी, एवढं म्हण. बाकी आम्ही बघतो. अख्खं गाव शपथ घेईल."

बोर्तोलो म्हणाला, "तुल्लियोच्या वेळी कुठं होती ही टोपी?"

 फेर्मोचं तोंड उतरलं, पण तो हटला नाही. "ते मी कधीच विसरलो, बोर्तोलो. देवाशपथ विसरलो."

"मी नाही विसरलो."

मी माझ्या आपेतून त्याला खाली नेलं. त्या तीनचाकीच्या खडखडाटात बोलणं धड ऐकू येत नाही, तरी मी वाटभर बोलत होते. म्हटलं, तुझी इमानदारी तुझ्यापाशी ठेव, पोराचं आयुष्य आहे हे. सहा जणांचं आहे. नीवेस असती तर तिनं तुला झाडूनं मारलं असतं. तो म्हणाला, "नीवेसनं गाडी माझ्याआधी उचलली असती." आणि ते खरं होतं.

पंच शाळेच्या वर्गात बसले होते. मधला मुख्य पंच एक म्हातारा बेल्जियन, सभ्य माणूस, आणि शेजारी त्याचं बोलणं आम्हाला समजावून सांगणारी मास्तरीण. इलारियो भिंतीला टेकून उभा होता, उजव्या मांडीला ही भलीमोठी पट्टी. त्यानं बापाकडे एकदाच पाहिलं. डोळ्यांनी सांगत होता, पपा, ओळखलं नाही म्हण.

बेल्जियननं विचारलं, "गाडी कुणी उचलली?"

"मी," बोर्तोलो म्हणाला.

मास्तरणीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं पुन्हा विचारलं.

"मी उचलली. बोर्तोलो पेझेनी. त्याचा बाप." आणि दंडावरची पट्टी सोडून टेबलावर ठेवली. "त्यानं मागितली नव्हती मदत. नको म्हणत होता. तेवढं लिहून घ्या."

 म्हातारा चांगला होता बिचारा, वाट काढून देत होता. म्हणाला, जिवाला धोका असेल तर पहारेकऱ्यानं हात लावलेला चालतो. स्वाराच्या जिवाला धोका होता का?

मी मागून बोर्तोलोच्या पाठीत बोट खुपसलं. हो म्हण, मूर्खा, हो म्हण!

"जीव जात नव्हता," बोर्तोलो म्हणाला. "भाजत होता. मला बघवलं नाही."

असं ते संपलं. इलारियो बाद. दुसऱ्या दिवशी चेक जिंकले, त्यांनी बँड लावून नाच केला, आणि आपल्या संघाचे उरलेले पाच जण कुणाशीही न बोलता सामान बांधून निघून गेले. पण ते दुसऱ्या दिवशीचं. त्या संध्याकाळी आम्हाला आधी इलारियोची गाडी बाहेर काढायची होती. सगळ्या गाड्या रात्री एका कुंपणात कोंडतात, तिथं कुणालाही गाडीला हात लावू देत नाहीत. बाद झालेल्याची गाडी तिथून निघते.

वर्गाबाहेर इलारियो बापाला म्हणाला, "तू मला खोटं पाडलंस, पपा. सगळ्यांसमोर."

"हो," बोर्तोलो म्हणाला.

"मी तुझ्यासाठीच म्हटलं होतं की ओळखलं नाही."

"कळलं मला."

"मग?"

  इलारियो लंगडत निघाला, आम्ही दोघं मागून. त्यानं कुंपणातून गाडी एकट्यानं ढकलत बाहेर आणली. पाय आता सुजला होता, किक मारणं शक्यच नव्हतं, म्हणून मी आपेचं मागचं फळकूट पाडून ठेवलं होतं. पाच दिवस सगळं एकट्यानं करायची सवय झालेली. त्यानं पुढचं चाक आपेवर टेकवलं आणि मागचं उचलायला वाकला. जमेना. पुन्हा वाकला. पट्टीतून रक्त दिसायला लागलं. बोर्तोलो दोन पावलांवर उभा होता, मनगट पाठीमागे घट्ट धरून. त्याची बोटं पांढरी पडली होती. 

तिसऱ्यांदा गाडी खाली आली तेव्हा इलारियो तसाच तिच्यावर डोकं टेकून उभा राहिला. मग मान न वळवता म्हणाला, "बघत काय उभा राहिलायस, पपा? हात लाव की."

बोर्तोलोनं लावला. इतक्या जोरानं लावला की गाडी सुटली ती थेट आपेच्या केबिनला जाऊन आदळली आणि मागची काच खळ्ळकन फुटली. मला रडू फुटलं होतं, आणि त्या दोघांना ते दिसायला नको होतं, म्हणून मी रोंकेल येईपर्यंत त्या काचेवरून दोघांना शिव्या घातल्या. दोघंही मागे गाडी धरून बसले होते आणि मुकाट्यानं ऐकत होते.